नाही म्हणणाऱ्यांची खुर्ची

१८६४ साली मुंबईची शिरगणती झाली तेव्हा शहरात ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. १८७२ च्या शिरगणतीत हा आकडा ६,४४,४०५ वर आला होता. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे शहरातून कमी झाली. मधल्या काळात मुंबईवर कोणी चालून आले नव्हते आणि प्लेगची साथ यायला अजून पाव शतक अवकाश होता. या घटीचे मोठे कारण एका तेजीच्या अंतात होते. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्या भावावर उभी राहिलेली अर्धी मुंबई आडवी झाली. इतिहासात ही घटना ‘शेअर मेनिया’ या नावाने ओळखली जाते. दीडशेहून अधिक वर्षे उलटली तरी तिच्यावर पुस्तके लिहिली जातात, व्याख्याने होतात आणि दर नव्या घोटाळ्याच्या वेळी तिची आठवण निघते.

अशा फजितीच्या कथा माणसाला का खेचतात, याचे ठरलेले उत्तर असे की दुसऱ्याची पडझड पाहायला आपल्याला आवडते. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. एखाद्या व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले तर आठवडाभर बोलणे होते आणि विषय संपतो. पिढ्यानपिढ्या पुरते ती अशी पडझड, जिच्यात शहाणीसुरती माणसे, मोठ्या संस्था आणि खुद्द सरकार एकत्र गुंतलेले असते. ‘इतक्या लोकांना दिसले कसे नाही?’ या प्रश्नाचे कोडे आपल्याला सोडत नाही. ते कोडे खरे आहे आणि मोलाचेही आहे. पण ते सोडवताना आपण चुकीच्या माणसाकडे बघत बसतो, असे माझे म्हणणे आहे. घोटाळ्याच्या कथेतले सर्वांत महत्त्वाचे पात्र पैसा उधळणारे किंवा लाटणारे नसते. ‘नाही’ म्हणणे हे ज्याचे नेमून दिलेले काम होते आणि ज्याने ते केले नाही, ते पात्र सर्वांत महत्त्वाचे. आपले सगळे कुतूहल पहिल्यावर खर्च होते आणि दुसरा नामानिराळा राहतो. म्हणूनच तीच गोष्ट, त्याच शहरात, पुन्हा घडू शकते.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. १८६४ मध्ये शेअर घेणारे लोक मूर्ख नव्हते. १८६१ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. लिव्हरपूलचे व्यापारी मुंबईकडे वळले. खानदेश, वऱ्हाड, धारवाड आणि गुजरातेतला कापूस मिळेल त्या भावाने उचलला जाऊ लागला. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकायला काढला, असे त्या काळाबद्दल सांगतात. शहरात खरी संपत्ती येत होती, जहाजे भरून जात होती आणि सोनेचांदी आत येत होती. तेजीचा पाया खरा होता. गफलत होती ती युद्ध कधी संपणारच नाही असे धरून चालण्यात. त्या गृहीतावर बँका, वित्त कंपन्या, गोद्या, जहाज कंपन्या आणि विमा कंपन्या उभ्या राहिल्या. १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत तीसच्या आसपास बँका होत्या. त्यांतल्या बहुतेकांचा धंदा एकमेकांच्या शेअरवर कर्ज देणे एवढाच होता.

या सगळ्यांच्या वर होती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. शहराच्या पश्चिमेकडच्या बॅक बेच्या किनाऱ्यावर भराव टाकून जमीन काढायची आणि विकायची, असा तिचा बेत होता. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्रातून अजून वर न आलेल्या जमिनीची ही किंमत होती. ९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत पोहोचली आणि काही आठवड्यांत सगळा डोलारा हलू लागला. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणेकरी खूप निघाले, देऊ शकणारे फार थोडे. नादारीची प्रकरणे इतकी झाली की त्यांच्यासाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला.

या कथेचा नायक म्हणून प्रेमचंद रायचंद यांचेच नाव घेतले जाते. १८३१ मध्ये सुरतेत जन्मलेला, लहानपणी मुंबईत आलेला, इंग्रजी लिहिता-वाचता येणारा दलाल. कोणत्या नव्या कंपनीचे किती शेअर कोणाला मिळणार, हे त्यांच्या शब्दावर ठरे. त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि घड्याळाच्या मनोऱ्याला प्रत्येकी दोन लाख रुपये दिले. आईच्या नावाने उभा राहिलेला तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. उदय, वैभव, दातृत्व, पतन, सगळेच या चरित्रात आहे. कादंबरीकाराला आणखी काय हवे?

पण प्रेमचंद यांच्याजवळ स्वतःचा असा किती पैसा होता? त्यांना शहर फिरवता आले, कारण दुसऱ्यांच्या तिजोऱ्या त्यांच्यासाठी उघडत होत्या. त्यांतली सर्वांत मोठी तिजोरी बँक ऑफ बॉम्बेची. ही साधी खासगी पेढी नव्हती. १८४० मध्ये सनद घेऊन स्थापन झालेल्या या बँकेत सरकारचे भांडवल होते, संचालक मंडळावर सरकारने नेमलेले सदस्य होते आणि सरकारी पैसा तिच्यात राहत असे. तिच्या मूळ सनदेत कडक बंधने होती. कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज द्यायचे नाही, एका माणसाला ठरलेल्या मर्यादेपलीकडे द्यायचे नाही. पुढे नोटा काढण्याचा बँकेचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला आणि १८६३ मध्ये तिच्यासाठी नवा कायदा झाला. त्या कायद्यात ही बंधने सैल झाली. शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची वाट उघडली, आणि तीही नेमकी तेजी माथ्यावर चढत असताना.

माझ्या मते खरा घोटाळा इथे घडला, कायद्याच्या त्या काही ओळींत. त्या ओळी लिहिणारे, वाचणारे आणि मंजूर करणारे लोक प्रतिष्ठित होते. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आज कोणाला आठवत नाही. पुढे बँकेच्या सचिवाने प्रेमचंद यांच्या शिफारशीवर कर्जे दिली, तारण म्हणून तेजीतलेच शेअर घेतले आणि संचालकांनी हे चालू दिले. सरकारने नेमलेले संचालकही त्यांत होते. बँकेचा स्वतःचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर आला. भांडवल जवळजवळ सगळे धुऊन गेले. १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली आणि त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. तीच पुढे १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली.

चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. बुडण्याची जी कारणे त्याने दिली, ती आजही वाचण्यासारखी आहेत. १८६३ च्या कायद्याने धोक्याचे व्यवहार करण्याची मोकळीक दिली, सचिवांनी त्या मोकळिकीचा गैरवापर केला, संचालकांनी हयगय केली, धड कायदेशीर सल्ला घेतला गेला नाही आणि काळही असाधारण होता. आयोगाने कायद्यापासून सुरुवात केली आणि तेजीला शेवटी ठेवले, हे लक्षात घ्यायला हवे. आपण कथा सांगतो तेव्हा हा क्रम उलटा होतो. आधी असाधारण काळ येतो, मग असाधारण माणूस, आणि कायद्यापर्यंत पोहोचेतो ऐकणारे उठून गेलेले असतात.

याच प्रकरणात एक ‘नाही’ ऐकू आलेही होते. बॅक बे कंपनीत मुंबई सरकार स्वतः हिस्सा घेणार होते. चारशे शेअर त्यासाठी राखून ठेवलेले होते. वरिष्ठ सरकारने याला मान्यता दिली नाही, तेव्हा ते शेअर लिलावात निघाले आणि त्यांवर एक कोटीहून अधिक रुपये आले. त्या दिवशी नकार देणारे किती भित्रे, किती जुनाट वाटले असतील! हातात आलेली संधी त्यांनी सोडली, असेच सगळे म्हणाले असणार. वर्ष उलटायच्या आत त्या शेअरची रया गेली. त्या नकाराने सरकारी तिजोरी या जुगारातून बाहेर राहिली. पण त्याची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण टळलेल्या संकटाला कथानक नसते.

‘नाही’ म्हणणाऱ्याची मूळ अडचण हीच आहे. तो बोलतो तेव्हा त्याच्याकडे पुरावा नसतो, फक्त नियम असतो. त्याचे ऐकले तर काहीच घडत नाही आणि तो उगाच घाबरत होता असे ठरते. त्याचे ऐकले नाही तर संकट येते, पण तेव्हा सगळ्यांचे डोळे बुडालेल्या नायकावर असतात. दोन्हीकडून त्याला श्रेय नाही. ज्या कामात श्रेय नाही ते काम माणसे सोडून देतात. म्हणून घोटाळ्यांबद्दलचे आपले कुतूहल निरुपद्रवी नाही. कोणाचे नाव लक्षात ठेवायचे हे ते ठरवते, आणि त्यावरूनच पुढच्या पिढीतला अधिकारी धैर्य दाखवायचे की गप्प बसायचे ते ठरवतो.

मुंबईने हा धडा घेतला असता तर साठ वर्षांनी तोच बॅक बे पुन्हा गाजला नसता. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले. समुद्रातून ११४५ एकर जमीन काढायची आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. खोल्या झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीच्या बीडीडी चाळी त्या याच. समुद्राच्या कामाची गत अधिक वाईट झाली. बंदरातला गाळ यंत्राने उपसून नळांतून भिंतीआड टाकायचा होता. यंत्र हिशेबाप्रमाणे गाळ देईना आणि टाकलेला गाळ भिंतीच्या दगडांतून परत समुद्रात जाऊ लागला. खर्चाचा अंदाज मूळ आकड्याच्या कितीतरी पट झाला. लोक या कामाला ‘लॉइडची चूक’ म्हणून हिणवू लागले.

या वेळी मात्र एक माणूस खुर्चीतून उठला. वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी कायदेमंडळात आणि वृत्तपत्रांतून प्रश्न विचारायला सुरुवात केली. अंदाज कोणी केले, कोणाच्या तपासणीनंतर केले, यंत्रांची खरेदी कशी झाली, चूक लक्षात आल्यावरही काम का रेटले? १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. खात्यातले अभियंता हार्वे यांनी नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन डगमगले नाहीत आणि १९२८ मध्ये निर्दोष सुटले. मूळ बेतातली निम्म्याहून अधिक जमीन काढण्याचे काम सोडून देण्यात आले. जी जमीन निघाली तिच्यावर मरीन ड्राइव्ह उभा राहिला. राहिलेल्या भागातला काही भराव स्वातंत्र्यानंतर टाकला गेला आणि त्याला नाव मिळाले नरिमन पॉइंट. माझ्या माहितीत हे दुर्मीळ उदाहरण आहे. समुद्रात पैसे ओतणाऱ्याऐवजी त्याचा हिशेब मागणाऱ्याचे नाव तिथल्या जमिनीला मिळाले. पण रोज तिथे उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी किती जणांना ही हकिकत ठाऊक आहे?

१९९२ मध्ये तर सगळे आपल्या डोळ्यांदेखत घडले. शेअर दलाल हर्षद मेहता हे नाव आज घरोघरी माहीत आहे. त्यांची मोटार, त्यांचे घर, त्यांची बोलण्याची ढब, सगळ्यांवर लिहून झाले आहे. २०२० मध्ये आलेल्या मालिकेनंतर घोटाळ्यानंतर जन्मलेल्या पिढीलाही ते पाठ झाले. पण पैसा आला कुठून, हे विचारले तर बहुतेकांची उत्तरे अडखळतात. बँका आपसांत सरकारी रोख्यांचा व्यवहार करत आणि दलाल मध्यस्थ असे. रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ नावाचा कागद फिरत असे. त्यामागे रोखे आहेत की नाहीत, हे कोणी तपासत नव्हते. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या छोट्या बँकांनी रोखे नसताना असे कागद दिले. एका बँकेच्या नावे काढलेला चेक दलालाच्या खात्यात जमा करण्याची तर रूढीच पडून गेली होती. रिझर्व्ह बँकेतली रोख्यांची नोंद हाताने, वह्यांत होत असे आणि मागे पडलेली असे. जानकीरामन समितीने सुमारे चार हजार कोटींचा हिशेब लावला.

या साखळीतल्या प्रत्येक कडीवर एक खुर्ची होती, आणि त्या खुर्चीतल्या माणसाचे काम ‘कागदामागे माल दाखवा’ एवढे म्हणण्याचे होते. ते म्हणण्याला हिंमतही फार लागत नव्हती. तो साधा, छापील नियम होता. तो मोडण्यात रोज थोडी सोय होती आणि पाळण्यात रोज थोडा त्रास. २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांची बातमी छापून आली तेव्हा जे उघड झाले, ते तोवर अनेकांना ठाऊक होते. एका पत्रकाराला जे शोधता आले, ते आतल्या माणसांना समोर ठेवलेले होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलक्याने घेत नाही. लोक म्हणतात, असे वेडे धाडस झाले नसते तर मुंबई झालीच नसती. पहिल्या बॅक बेच्या भरावावरून पुढे रेल्वे कुलाब्याला गेली. दुसऱ्यातून मरीन ड्राइव्ह आला. प्रेमचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय आले आणि तिथे वाचून पिढ्या शिकल्या. १९९२ नंतर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे अधिकार वाढले, राष्ट्रीय शेअर बाजार आला, कागदी शेअर जाऊन डीमॅट आले. म्हणजे शेवटी भलेच झाले ना?

या युक्तिवादात दोन चुका आहेत. पहिली हिशेबाची. फायदा ज्यांना झाला आणि किंमत ज्यांनी मोजली, ती माणसे वेगळी होती. बँक ऑफ बॉम्बेचे शेअर ‘सरकारी बँक आहे’ म्हणून विश्वासाने धरून ठेवणाऱ्याचे पैसे बुडाले. शहरातून परत गेलेल्या लोकांना पुढच्या रेल्वेचा उपयोग नव्हता. खानदेशातल्या शेतकऱ्याने चढ्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज भाव उतरल्यावरही सावकाराच्या वहीत तसेच राहिले. दुसरी चूक कार्यकारणाची. जमीन काढायला भराव लागतो, बँक बुडावी लागत नाही. मरीन ड्राइव्हसाठी चुकीचा अंदाज आवश्यक नव्हता. धाडस आणि हयगय एकाच वेळी घडली म्हणून हयगय ही धाडसाची किंमत ठरत नाही. शहराला धाडसी माणसे हवीतच. पण त्यांना अडवून हिशेब विचारणारी माणसे असतील, तरच त्यांचे धाडस दुसऱ्याच्या जिवावर होत नाही. प्रेमचंद यांच्या देणगीबद्दल कृतज्ञता आणि त्यांच्या कर्जांची तपासणी, दोन्ही एकाच समाजात नांदू शकतात. त्यांच्या काळच्या मुंबईने दुसरी गोष्ट केली नाही, ही तिची खरी नामुष्की.

अपयश आणि नामुष्की यांतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. अंदाज चुकणे हे अपयश आहे आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. युद्ध कधी संपेल हे १८६४ मध्ये कोणालाच माहीत नव्हते. गाळ किती निघेल, याचाही आधी अंदाजच बांधावा लागतो. लाज सुरू होते ती चूक दिसल्यावर गप्प बसण्यापासून, तपासण्यासाठी दिलेली सही न तपासता करण्यापासून, नियम नको तेव्हा बाजूला ठेवण्यापासून. ती एका माणसाच्या हव्यासात मावत नाही. ती पसरलेली असते, सभ्य आणि सुशिक्षित लोकांत वाटली गेलेली असते. म्हणूनच तिचे वर्णन करणे अवघड, आणि एखाद्या खलनायकावर सगळे ढकलणे सोपे.

या कथांचे आकर्षण कमी व्हावे असे मला वाटत नाही. ते वाढावे, फक्त त्याची नजर हलावी. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये मुंबईच्या या आर्थिक अध्यायावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. तरुणपणी पाहिलेली ती पडझड पुढच्यांना कळावी असे त्यांना वाटले. मराठीतही अशा हकिकती सविस्तर याव्यात. आयोगांचे अहवाल कपाटातून बाहेर यावेत. १८६३ च्या कायद्यातली बंधने कोणाच्या आग्रहाने सैल झाली, संचालकांच्या बैठकीत कोण बोलले आणि कोण गप्प राहिले, हे एखाद्या रहस्यकथेइतकेच उत्कंठेने वाचता येते. शिवाय त्यात वाचकाला स्वतःची जागा दिसते. हर्षद मेहता होण्याची वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर येते. सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत, गृहनिर्माण संस्थेच्या समितीत, शाळेच्या विश्वस्त मंडळात, कार्यालयातल्या फाईलीवर सही करण्याची वेळ जवळजवळ प्रत्येकावर येते.

२०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना एके सकाळी कळले की आपल्याच खात्यातून आपल्याला फक्त एक हजार रुपये काढता येतील. बँकेची बहुतांश कर्जे एकाच उद्योगसमूहाकडे गेली होती आणि ती हजारो बनावट खात्यांआड दडवलेली होती. त्या ठेवीदारांचे रांगेतले चेहरे महाराष्ट्राने पाहिले. त्या बँकेतही संचालक होते, लेखापरीक्षक होते, सभा होत होत्या आणि अहवाल मंजूर होत होते. १८६८ च्या आयोगाने नोंदवलेल्या हयगयीचा शब्दही बदलावा लागणार नाही, इतके साम्य आहे.

म्हणून पुढचा घोटाळा उघडकीस येईल तेव्हा ‘कोणी केला?’ या प्रश्नाच्या बरोबरीने ‘कोणी अडवायला हवा होता?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यायला हवी. वृत्तपत्रांनी तो विचारावा, शिक्षकांनी इतिहास शिकवताना विचारावा, आणि आपण भागधारक, ठेवीदार, सभासद असू तिथे ताळेबंदावर हात वर करण्यापूर्वी विचारावा. ज्याने वेळेवर ‘नाही’ म्हटले त्याचे नाव आपण लक्षात ठेवू लागलो, त्याला बढती मिळू लागली, त्याच्यावर लेख येऊ लागले, तर त्या खुर्चीत बसणाऱ्याला बोलणे परवडेल. घोटाळे तरीही होतील. पण ते होत असताना कोणी बोलले नाही, असे म्हणण्याची पाळी पुढच्या पिढीवर येणार नाही.